मनगटाचे हाड जुळले, तरी तळहात उताणा होत नाही

प्रश्न
माझ्या आईचे वय बासष्ट आहे. घसरून पडल्यामुळे तिच्या उजव्या मनगटाजवळचे रेडियस (कोपर ते मनगट यांमधले अंगठ्याच्या बाजूचे हाड) मोडले होते. प्लास्टर काढून बरेच महिने झाले असून हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसते. मनगट वर-खाली नीट वाकते. मात्र तीर्थ घेण्यासाठी तळहात पूर्ण उताणा होत नाही आणि ओले कपडे पिळताना करंगळीच्या बाजूला कळ येते. हे दुखणे कशाचे असावे, आणि कोणती तपासणी करावी?

प्रतिसाद १
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. हात उताणा-पालथा होतो तो मनगटाच्या मुख्य सांध्यात नव्हे, तर रेडियस आणि अल्ना (त्याच्या शेजारचे, करंगळीच्या बाजूचे हाड) यांच्यातील दोन सांध्यांत; त्यांतला एक कोपराजवळ असतो आणि दुसरा मनगटाला लागून. हात फिरताना अल्ना जवळजवळ स्थिर राहते व रेडियस तिच्याभोवती फिरते. मनगटाजवळ अल्नाचे गोल टोक रेडियसच्या खाचेत टेकते, पण ही खाच इतकी उथळ असते की नुसत्या हाडांच्या आधारावर सांधा जागेवर राहू शकत नाही. त्याला धरून ठेवण्याचे मुख्य काम तिथली त्रिकोणी कूर्चा (हाडांमधली लवचिक गादी) आणि तिच्या कडांचे अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे) करतात. पडताना रेडियसबरोबर हे अस्थिबंधही अनेकदा फाटतात.

शिवाय रेडियस किंचित आखूड होऊन जुळले, तर अल्ना तुलनेने लांब ठरते. एरवी मनगटावरील भारापैकी सुमारे ८० टक्के रेडियस आणि २० टक्के अल्ना पेलते; अल्ना अडीच मिलिमीटरने लांब झाल्यास तिच्यावरचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो, असे प्रयोगशाळेतील मोजमापांत आढळले आहे. म्हणून हाड जुळले एवढ्यावर समाधान मानू नये, ते किती लांबीत आणि कोणत्या कोनात जुळले हे दोन्ही मनगटांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहावे.

प्रतिसाद २
फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडी भर घालतो. हात किती फिरतो हे कोपर बरगडीला टेकवून आणि काटकोनात वाकवूनच मोजावे, नाहीतर खांदा फिरतो आणि उणीव झाकली जाते. अल्नाचे टोक दाबल्यावर पेटीच्या पट्टीसारखे खाली जाऊन वर येत असेल, आणि दुसऱ्या हातात तसे होत नसेल, तर सांधा सैल झाल्याची शंका घ्यावी. तपासणी होईपर्यंत घरच्यांनी हात जोर लावून पिरगाळू नये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. थेट एमआरआय करून घ्यावा का? आणि शस्त्रक्रिया टळू शकते का?

प्रतिसाद १
आधी एक्स-रे. सांधा सरकल्याची शंका असल्यास हात उताणा, मध्यम आणि पालथा ठेवून दोन्ही मनगटांचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. एमआरआयमध्ये कूर्चा दिसते, परंतु या वयात काहीही त्रास नसलेल्यांची कूर्चाही झिजलेली किंवा फाटलेली आढळते, त्यामुळे केवळ अहवालावरून शस्त्रक्रिया ठरवू नये. हाडांची ठेवण बरी असेल, तर आधारपट्टा आणि व्यायाम यांनी पुष्कळांना आराम पडतो. ठेवणच बिघडली असेल, तर रेडियस सरळ करणे किंवा अल्ना आखूड करणे हे पर्याय आहेत. अल्नाचे टोक काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया मी सांधा पूर्ण झिजलेल्या आणि हाताने जड काम न करणाऱ्या वयस्कर रुग्णांपुरतीच राखून ठेवतो.