तात्या म्हणतात "तज्ज्ञ लोक दर पंधरा दिवसांनी बोलणं बदलतात", काय उत्तर द्यायचं?

कृष्णाकाठ
मंडळी जरा मदत हवीये. आमचे तात्या म्हणजे वडील, सांगलीला असतात, रिटायर्ड मास्तर, दम्याचा जुना त्रास. डॉक्टरांनी फ्लूची लस घ्या म्हणून सांगितलंय आणि हे ठाम नाही म्हणून बसलेत. कारण विचारलं की कोरोनाच्या काळातली वही काढतात. खरंच वही आहे हो, पेपरची कात्रणं चिकटवलेली, खाली तारखा. मार्च २०२० मध्ये म्हणे निरोगी माणसाला मास्कची गरज नाही आणि एप्रिल उजाडला तसं घरी शिवलेला का होईना पण लावा. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी ४ आठवड्यांनी, मग ६ ते ८, मग १२ ते १६. प्लाझ्मासाठी, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोक रात्री अपरात्री ग्रुपवर डोनर शोधत होते आणि मे २०२१ मध्ये सरकारनेच तो उपचारांच्या यादीतून काढून टाकला. "यातलं खरं कुठलं ते तूच सांग" म्हणतात आणि मी गप्प.

आधीच सांगतो, तात्या फॉरवर्डवाले नाहीत. काढेवाले आणि गोमूत्रवाले यांनाही तेवढंच झोडतात. कोरोनाचे दोन्ही डोस घेतलेत. म्हणून तर "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे त्यांना सांगून काही उपयोग नाही. तुम्ही घरी काय सांगता?

लॅबवाली
मायक्रोबायोलॉजीत आहे म्हणून बोलते. विषाणू नवीन होता, २०२० च्या सुरुवातीला लक्षणं नसलेला माणूस किती पसरवतो हेच नीट माहीत नव्हतं, मग माहिती आली तसा सल्ला बदलला. तो बदलला नसता तर मला जास्त भीती वाटली असती. प्लाझ्माचंच बघा, आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, आपल्याच देशातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर चाचणी घेतली आणि २०२० संपायच्या आत निकाल छापला की मृत्यू कमी होत नाहीत, आजार गंभीर व्हायचाही थांबत नाही. म्हणजे ज्यांच्यावर संशय घेतोय त्यांनीच तपासून नाही म्हटलं ना. आता निकाल हातात असताना तो यादीत पुढच्या मे पर्यंत का राहिला, दुसऱ्या लाटेत लोकांना का पळवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तात्यांनी ते विचारलं तर बरोबरच विचारलं म्हणेन.

बिब्बा
ताई, प्लाझ्माचं पटलं. पण मास्कचं "माहिती आली तसा सल्ला बदलला" एवढं सरळ नव्हतं. मास्क कमी होते, हे खरं कारण. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरने, २९ फेब्रुवारी २०२० ला ट्वीट केलं की मास्क विकत घेणं बंद करा, सामान्य लोकांना त्याचा उपयोग नाही, आणि त्याच ट्वीटमध्ये पुढे की डॉक्टर-नर्सना मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात. अरे मग त्यांना उपयोग होतो आणि मला नाही, असं कसं? शेंबड्या पोराला पण कळतं हे. त्याऐवजी "माल कमी आहे, आधी नर्सला जाऊ द्या, तुम्ही रुमाल बांधा" म्हटलं असतं तर आपल्याकडच्या आयाबायांनी मशीन काढून शिवून दिले असते, नंतर दिलेच की.

आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ते २८ मार्च २०२० चं, कोविड हवेतून पसरत नाही, वर "फॅक्ट" असा शिक्का मारून. तेव्हा "अजून नक्की माहीत नाही" म्हणायला काय जात होतं? जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहिलं तेव्हा कुठे गाडी हलली, तीही हळूहळू. तोवर आम्ही कोथिंबिरीच्या जुड्या सोड्याच्या पाण्यात धूत बसलो आणि खिडक्या बंद ठेवल्या. खिडक्या उघडा हा फुकटातला सल्ला होता राव.

डोसच्या अंतराचं वेगळं आहे. १२ आठवड्यांवर परिणाम चांगला दिसतो याला ब्रिटनमधल्या चाचण्यांचा आधार होता, ते काही हवेत नव्हतं. पण जाहीर कधी केलं तर १३ मे २०२१ ला, जेव्हा सेंटरबाहेर "लस संपली" चे बोर्ड लागलेले. वर जूनमध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांना २८ दिवसांनी पण चालेल. कोण विश्वास ठेवणार? टंचाई पण आहे आणि आधार पण आहे, दोन्ही एकदम सांगायचं की.

पोल्ट्रीवाला
मी बारामतीकडचा. फेब्रुवारी मार्च २०२० मध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि आमचे पक्षी कोणी फुकट नेईना, खाद्य परवडेना, आजूबाजूच्यांनी पिल्लं खड्ड्यात पुरली, ते आठवलं तरी नको वाटतं. टीव्हीवर मंत्री बोलले अधिकारी बोलले, पेपरात जाहिराती आल्या, काडीचा फरक पडला नाही. आमच्या गावात फरक पडला तो जनावरांच्या डॉक्टरांमुळे, वीस वर्षं तोच माणूस रात्री गाय अडली तरी येतो, त्याने रविवारी चौकातल्या दुकानातून सगळ्यांदेखत दोन किलो नेलं बस, भाषण नाही काही नाही, पुढच्या रविवारी चार गिऱ्हाईकं आली. लसीचं पण तेच झालं, वरून फोनवर खोकल्याची कॉलर ट्यून वाजत होती तिला लोक वैतागले आणि आशाताईने दारात येऊन सांगितल्यावर म्हातारी माणसं गाडीत बसली.
परत जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले तेव्हा संशय पाण्यावर होता तरी पहिल्यांदा लोकांनी काय सोडलं तर चिकन. नीट शिजवून खा एवढंच सांगितलेलं, ऐकणाऱ्याने "खाऊ नका" ऐकलं.
कृष्णाकाठ, तात्यांना दम्याचं औषध कोण देतं? त्या डॉक्टरांना बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. पोराचं कोण ऐकतं.

जुना_पेठकर
हे सगळं पुण्याने १८९७ मध्ये पाहिलंय.

बिब्बा
आले प्लेग घेऊन. काका वाटच बघत होतो 😄

जुना_पेठकर
हसा. पण २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लागू केलेला साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ चाच, प्लेगसाठी केलेला. तेव्हा प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रँडसाहेबाने घरोघरी गोरे सोल्जर घुसवले, देवघर नाही स्वयंपाकघर नाही, बायकांची तपासणी, सामान रस्त्यावर. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या कशामुळे झाडल्या गेल्या ते शाळेत शिकलोच. पण त्याच वर्षी हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना काढला, सावित्रीबाई पेशंट आणायच्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. टिळकांनी रँडला झोडपलं, पण रोग्यांसाठी हॉस्पिटल पण काढलं. म्हणजे लोक औषधाच्या विरुद्ध होते असं समजू नका. आणि तो हाफकिन, मुंबईत प्लेगची लस केली ती १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. पोल्ट्रीवाल्यांच्या डॉक्टरांनी दोन किलो नेलं ते याच जातीचं.
तात्या मास्तर होते ना, हाफकिनचं त्यांना माहीत असणार.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. बिब्बा, तुमची पोस्ट तात्यांना वाचून दाखवली, म्हणाले "हा माणूस शहाणा आहे" 🙏 ताईंचं प्लाझ्माचं पण ऐकून घेतलं, आयसीएमआरच्या चाचणीची तारीख विचारली. छातीचे डॉक्टर ओळखीचेच आहेत, त्यांच्याकडे नेतो. पण आता नवीन प्रश्न काढलाय, लस खरी चांगली असेल तर दर वर्षी का घ्यायची, गेल्या वर्षीची वाया गेली का? आणि नक्की किती उपयोग होतो?

लॅबवाली
दर वर्षी अशासाठी की फ्लूचा विषाणू सतत बदलतो आणि अंगातली प्रतिकारशक्ती पण महिन्यांत उतरते. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, जगभरातले नमुने बघून पुढच्या हंगामात कुठले प्रकार येतील याचा अंदाज बांधतात. अंदाज आहे, कधी चुकतो. आधी लशीत चार प्रकार असायचे, त्यातला बी यामागाता नावाचा मार्च २०२० नंतर जगात पक्का सापडलाच नाही म्हणून तो काढायला सांगितलंय. तात्यांना हे बदलणं म्हणूनच सांगा, लपवू नका.
उपयोग विचारला तर अंदाज जुळतो त्या वर्षी फ्लूमुळे डॉक्टरकडे जावं लागण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, म्हाताऱ्या माणसांत सहसा त्याहून कमी. घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दम्याच्या माणसाला हॉस्पिटल टळलं तरी पुष्कळ. आपल्याकडे पावसाळ्यात जोर असतो त्यामुळे त्याआधी घेतलेली बरी, टोचल्यावर दोन आठवडे लागतात. ताप असेल किंवा दमा उसळलेला असेल तर तो उतरेपर्यंत थांबा, आणि कुठली द्यायची ते छातीच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.