प्रतिसाद: पुस्तकं आली, वाचक कुठेत?
मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की पालकांनी वर्गणी काढून शाळेला दोनशे पुस्तकं दिली, पण तिसरी-चौथीची मुलं ती उघडतच नाहीत. कपाटाला कुलूप असेल तर आधी ते काढा. पुस्तकं दोरीवर चिमट्यांनी, मुलांचा हात पोचेल अशी लावा. खरी गोम मात्र बहुधा पातळीत असते. 'असर'च्या (मुलांना वाचता येतं का ते पाहणारं देशव्यापी सर्वेक्षण) पद्धतीने एकेका मुलाला तपासा: सुरुवात सोप्या परिच्छेदाने. जमला तर गोष्ट. अडखळलं तर पाच शब्द, चार तरी बरोबर हवेत. तेही नाही तर पाच अक्षरं, तिथेही चार. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. पहिल्याच पुस्तकात 'सूर्य', 'प्रकाश' असे रफार नि जोडाक्षरं आली की मूल तिथेच थांबतं, म्हणून ती नंतर.

मदतीला येणाऱ्या आयांची (आणि शिक्षकांचीही!) एक खोड: मूल अडलं की लगेच शब्द सांगून टाकणं. मनात पाचपर्यंत मोजा. आईला वाचता येत नसेल तरी अडत नाही. मुलाने वाचावं, तिने 'मग पुढे काय झालं?' विचारावं. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात, छापताही येतात. तपासणी दर महिन्याला पुन्हा करा, नाहीतर अक्षरांच्या गटातल्या मुलांवर 'अक्षरवाले' हा शिक्काच बसतो.