माल्ट भिजतंय तोवर धावून घ्या
आयटीची नोकरी सांभाळून सायकल, धावणं आणि घरची बिअर या तिन्हींना वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न मलाही सिअ‍ॅटलला आल्यावर पडला होता. सायकल सोपी निघाली. इथल्या बर्क-गिलमन ट्रेल या सायकल आणि पायी जाण्याच्या वाटेवरून ऑफिसला जा-ये केली की वेगळा वेळ काढावा लागत नाही. बिअरला मात्र अख्खी शनिवारची सकाळ लागते. त्यातही भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६७ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायचं असतं. मी ते कूलरमध्ये, म्हणजे उष्णता टिकवणाऱ्या जाड खोक्यात ठेवतो, शेगडी बंद. तेवढ्यात माझे १० किलोमीटर धावून होतात! मग ते पाणी गाळून उकळायचं असतं; उकळी फुटताना मात्र जागचं हलू नका, उतू जातं. नंतरचे दोन आठवडे काम यीस्टचं, म्हणजे आंबवणाऱ्या खमिराचं, आपण फक्त १८-२० अंश सांभाळायचे. आणि ऑन-कॉल असाल, म्हणजे ऑफिसातून कधीही तातडीचं बोलावणं येऊ शकतं, त्या आठवड्यात बिअर लावूच नका, हे अगदी कळकळीने सांगतो.