यंत्राच्या खोट्या उत्तराला ‘भास’ म्हणायचं का?

रंकाळाकर
चॅटबॉटनं नसलेल्या पुस्तकाचं नाव ठणकावून सांगितलं की हल्ली लोक म्हणतात, ‘त्याला भास झाला.’ इंग्रजीतल्या ‘हॅल्युसिनेट’वरून हे आलं. केंब्रिज डिक्शनरीनं २०२३ चा शब्द म्हणून तोच निवडला होता. मला हे पटत नाही. समोर काहीच नसताना दिसतं, ऐकू येतं, वास येतो, तो भास. दोरीचा साप दिसला तर निदान दोरी तरी असते. शेजारी चहात विष घालतात ही काही केल्या न हलणारी समजूत, तो भ्रम. यंत्राला ना डोळे, ना कान. पुढं कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढंच ते हिशेबानं मांडतं. ह्याला सरळ ‘ठोकून देणं’ म्हणा की!

महाद्वार रोड
भास हा शब्द डॉक्टरांच्या आधीपासून आपल्या घरात आहे. खिशात फोन वाजल्याचा भास कुणाला होत नाही? मग यंत्राला लावला तर बिघडलं काय? उलट ‘ठोकून देणं’च चुकीचं. ठोकून देणाऱ्याला आपल्याला येत नाही हे ठाऊक असतं. यंत्राला ते कुठलं ठाऊक?

रंकाळाकर
फोनचा भास तुम्हाला होतो, खिशाला नव्हे.

राजारामपुरीची
माझ्या आजीला मोतीबिंदू वाढल्यावर परसात लुगडी नेसलेल्या बायका दिसायच्या. घरात बाहेरचं बघायची बोलणी सुरू झाली. आजी मात्र म्हणायची, “खरं न्हाईत त्या, ठावं हाय मला. पर दिसत्यात.” नजर अधू झालेल्यांना असं होतं, हे स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. वेल्समधल्या १९७१ च्या एका पाहणीत तर जवळपास निम्म्या विधवा-विधुरांना गेलेल्या जोडीदाराचा कुठला ना कुठला भास झाला होता. ही माणसं वेडी नव्हती, खोटंही बोलत नव्हती. यंत्राच्या चुकीला तोच शब्द चिकटला, तर भास म्हणजे खोटी माहिती असंच पोरांच्या मनात बसेल. मग एखादी आजी बोलायचीच नाही, आणि तिचे डोळे तपासायचे राहून जातील.

महाद्वार रोड
किंवा शब्द रोजचा झाला की सांगायची लाज कमी होईल. हेही होऊ शकतं.

राजारामपुरीची
चुकीसाठी रुळलेल्या शब्दानं लाज कशी कमी होईल?

पन्हाळा नाका
मी शाळेत मराठी शिकवतो. ‘कपोलकल्पित उत्तर’ म्हणा. त्यात यंत्राला डोळे द्यावे लागत नाहीत, की लबाडीही चिकटवावी लागत नाही. नववीच्या पोरांना पहिल्या झटक्यात कळतं.

महाद्वार रोड
लांबलचक आहे ओ. बोलताना कोण म्हणणार? लेखी मजकुरात मात्र चालेल.