मदत हवी आहे : चिखलदरा, रात्रीचा घाट. घटांग की धामणगाव गढी?

निंबोणी
शनिवारी निघायचंय आणि एकाच गोष्टीवर गाडी अडली आहे. परतवाड्याहून वर जायला नकाशा दोन रस्ते दाखवतो, एक घटांगवरून आणि एक धामणगाव गढीवरून. अंधार पडल्यावर कुठला घ्यावा? खोली वरच घेतली आहे, पूर्ण पैसे भरलेत, रद्द केली तर परत मिळणार नाहीत. काय काय बघायचं याची यादी नको, ती आहे. फक्त रस्ता सांगा, आज रात्री ठरवायचंय.

चौथा गिअर
गाडी कुठली? निघणार कुठून, किती वाजता? सोबत कोण? आधी घाटात चालवली आहे का? यातलं काहीच न सांगता कोण काय सांगणार?

रानजाई
हिवाळ्यात चिखलदरा नकोच. तिथली खरी मजा पावसाळ्यात, धबधबे आणि धुकं. थंडीत शांतता हवी असेल तर तोरणमाळ. यशवंत तलावाच्या काठावर नुसतं बसलं तरी दिवस जातो. आम्ही दर वर्षी जातो.

निंबोणी
नागपूरहून. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, दोन वाजता निघू. ऑटोमॅटिक आहे, पेट्रोल. मीच चालवणार.

चौथा गिअर
रानजाई, नागपूरहून दोन दिवसांत तोरणमाळ? नंदुरबार म्हणजे राज्याचं दुसरं टोक. जाण्यायेण्यातच सुट्टी संपेल.
निंबोणी, 'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं काय? एएमटी, सीव्हीटी की टॉर्क कन्व्हर्टर? घाटात फार फरक पडतो.

परतवाडेकर
भाऊ, रस्त्याचं नंतर, आधी घड्याळ बघा. नागपूर ते अमरावती दीडशेच्या वर किलोमीटर. तिथून परतवाडा पन्नासेक. मग धामणगाव गढीवरून वर साधारण तीस, घटांगवरून त्याहून जास्त. दोनला निघून शहराबाहेर पडता पडताच तीन होतात. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे परतवाड्याला पोचायच्या आधीच अंधार आणि घाट पूर्ण काळोखात.

शिवाय हे दिवस कापसाचे. अमरावती सोडली की कापसाच्या गाड्या लागतात. ताडपत्री दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेली असते, मागचा लाल दिवा तिच्याखाली झाकलेला. समोरून कुणी अप्पर मारत आला की पुढची गाडी दिसतच नाही, एकदम काळी भिंत समोर येते. संत्र्यांचे ट्रकही याच दिवसांत. घाटाआधी याचीच भीती जास्त.

माझं म्हणणं, अंधारात दोन्ही रस्ते नकोत. परतवाड्याला मुक्काम करा, सकाळी उजाडलं की चढा.

घाटवाट
परतवाडेकरांशी सहमत नाही. घाट रात्रीच सोपा. वळणाआधीच समोरच्या गाडीचा उजेड दिसतो, दिवसा तो दिसत नाही. गर्दी नाही, ट्रक कमी. मी कायम रात्रीच घाट चढतो.

परतवाडेकर
समोरच्या गाडीला दिवे असतात. रानडुकराला, नीलगायीला, गव्याला नसतात. हे मेळघाट आहे, राजेहो. देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यातला एक. तुम्ही म्हणता तो कुठला घाट?

घाटवाट
मी खंडाळा, कसारा म्हणतोय. पण घाट तो घाट.

परतवाडेकर
नाही ना. तिथे रात्रभर रहदारी असते, बंद पडलात तर पाच मिनिटांत कुणी थांबतं. इथे रात्री आठनंतर बंद पडलात तर फोन लागेल याचीही खात्री नाही.

निंबोणी
एएमटी आहे, मॅन्युअल मोडही आहे. तो कधी वापरला नाही. सोबत बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि आई. मुलाला वळणांवर उलट्या होतात. आईला दमा आहे. पण प्रश्न अजून तोच आहे, घटांग की धामणगाव गढी?

रानजाई
दमा आहे आणि थंडीत डोंगरावर नेताय? सोबत ऑक्सिजनचा डबा घ्या. लडाखला आम्ही नेला होता, फार उपयोग झाला.

पाऊलवाट
लडाख आणि चिखलदरा एका मापाने मोजू नका. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. इथे अडचण प्राणवायूची नाही, गार कोरड्या हवेची आहे. तिने श्वासनलिका आकसतात. माझ्या सासूबाईंना दमा आहे म्हणून हे जवळून पाहिलंय. आईंच्या नाकातोंडावरून मऊ मफलर असू द्या, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होऊन जाते. इनहेलर त्यांच्या हातातल्या पर्समध्ये हवा, डिकीतल्या बॅगेत नको. घाटात डिकी उघडायला गाडी थांबवायची कुठे? खोलीत शेकोटी किंवा कोळशाची शेगडी अजिबात नको. आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन कराच.

मुलाला पोटभर खाऊ घालून घाटात नेऊ नका, उपाशीही नेऊ नका. मोबाईल हातात नको, लांबवर बघायला सांगा. काच थोडी खाली. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, चढायच्या आधी.

चौथा गिअर
आता गाडीचं सांगतो, हे नीट वाचा. एएमटी म्हणजे आत साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच मशीन दाबतं. चढावर गाडी थांबली की बरेच जण ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागेवर तोलून धरतात. त्यात क्लच घासत राहतो, तापतो, आणि मग भर चढावर गाडी दम टाकते. थांबलात की ब्रेक, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक. निघताना हँडब्रेक लावलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर द्या, गाडीने ओढ घेतली की सोडा. मागे घरंगळणार नाही.

चढताना स्वयंचलित मोडमध्ये ती नको तिथे वरचा गिअर टाकते आणि वळणावर मरगळते. मॅन्युअलला घ्या, दुसऱ्यावर ठेवा. उतरतानाही दुसराच, गाडी इंजिनावर धरली जाते. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकड सुटते. वास आला तर थांबा, थंड होऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या उड्डाणपुलावर मॅन्युअल मोडचा सराव करा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, उतरताना लक्षात असू द्या.

घाटवाट
धुकं मिळालं तर अप्पर आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा.

चौथा गिअर
दोन्ही चूक. धुक्यात अप्पर मारला की उजेड उलटा डोळ्यावर येतो, डिपरच हवा. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावले तर वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. ते गाडी उभी असताना. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

जुनी वही
डिसेंबरात जाताच आहात तर गाविलगड चुकवू नका. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. एवढा बुलंद किल्ला आपल्या विदर्भात आहे आणि लोक फक्त पॉइंटवर फोटो काढून परततात, वाईट वाटतं.

निंबोणी
यादी नको म्हटलं होतं.

पाऊलवाट
पैसे परत देत नाहीत म्हणालात. पण तारीख पुढे ढकलतात का, हे विचारलंत? शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार. रविवारी रात्री लोक उतरतात, खोल्या रिकाम्या होतात, त्यांनाही ते सोयीचं असतं.

निंबोणी
विचारलं नव्हतं. आत्ता फोन केला, एक दिवस पुढे करून देतो म्हणाले, जादा पैसे न घेता. सोमवारची रजा टाकतो. शनिवारी अमरावतीला मावशीकडे मुक्काम, रविवारी पहाटे निघू. आता दिवसाउजेडी कुठला रस्ता?

परतवाडेकर
आता कुठलाही चालेल. चढताना धामणगाव गढी घ्या, अंतर कमी, मुलाचा त्रास लवकर संपेल. उतरताना आई बऱ्या असतील तर घटांगवरून या, जंगल छान लागतं. पण दुपारी दोनच्या आत वरून निघा. आणि फार पहाटे नको, अमरावतीहून सातला निघा, कापसाच्या गाड्या तोवर नीट दिसू लागतात. टाकी परतवाड्यालाच भरून घ्या, वरच्या भरवशावर राहू नका. टायरची हवा अमरावतीला सकाळी, टायर गार असतानाच तपासा. स्टेपनीचीही.

रानजाई
तोरणमाळचा विचार पुढच्या वर्षी नक्की करा. मी रस्ता सांगेन.