मदत हवी आहे : सिबिल 781, तरी सीसी लिमिट वाढेना

नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळदीचं छोटं दुकान आहे. 11 वर्षं एकाच बँकेत खातं, 10 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज), व्याज एकदाही थकवलं नाही. सीझनच्या तोंडावर 15 लाख मागितले, तर साहेब म्हणाले, "सिबिल चांगलं आहे हो, पण आमचं इंटर्नल रेटिंग कमी येतंय." म्हणजे बँक स्वतः ग्राहकाला देते ते गुण. ते कशामुळे कमी, ते काही सांगेनात.

रात्री खातेउतारा घेऊन बसलो. श्रावणात एक चेक परत गेलेला दिसला (पैसे होते, सही जुळली नाही!). स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचा शिल्लक मालाचा तक्ता) तीनदा उशिरा दिलंय, ते कबूल. पण खरी गोम वेगळीच वाटतेय. गल्ल्यावरचा क्यूआर दुसऱ्या बँकेचा आहे, म्हणजे निम्मी विक्री या खात्यात येतच नाही. वर्षाच्या उलाढालीच्या 20 टक्के लिमिट हा हिशेब ते खात्यातल्या जमेशी ताडून बघत असतील, तर मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतलाय.

बँकेत कर्ज विभागात काम केलेलं कुणी आहे का इथे? क्यूआर आता बदलला तर किती महिन्यांचे व्यवहार धरतात? आणि नकाराचं कारण लेखी मागितलं तर साहेब बिथरतील का?