रॉडची घाऊक ऑर्डर (सोसायटी ग्रुप, विजापूर रोड, सोलापूर)

बी-204 काका: नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली. नवी पेठेत ओळखीचं दुकान आहे, तिथं पाणी तापवायचे रॉड आलेत, 1500 वॅटचे. दहा नग घेतले तर 230 रुपयांना एक पडतो. ज्यांना पाहिजे त्यांनी फ्लॅट नंबर टाका. खोक्याचा फोटो टाकलाय.

ए-101 काकू: ए-101, एक.

सी-303: दोन. एक गावाकडं आईला पाठवायचाय.

बी-102 वहिनी: काका, बाहेर तर साडेचारशेच्या खाली चांगला मिळंना. आयएसआय आहे ना?

बी-204 काका: आहे की ओ. फोटो मोठा करून बघा. शेजारी सीई पण छापलंय. एक्सपोर्टचा माल आहे म्हणायलाय तो.

सी-201 दादा: काका, सीई छापलं म्हणून एक्सपोर्टचा होत नाही. ते युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह. असल्या घरगुती वस्तूंवर बहुतेक वेळा बनवणाराच ते लावतो, तिथले नियम पाळलेत असं स्वतः जाहीर करून. आपल्याकडं त्यावर काही चालत नाही. इथं रॉडला आयएसआय सक्तीचं आहे, केंद्राच्या 2003 च्या आदेशापासून. इस्त्री, गिझर, घरातली वायर, सगळं त्यात येतं.
आणि फोटोत नुसतंच चिन्ह दिसतंय. त्याच्या डोक्यावर 'आयएस 368' पाहिजे आणि पायाशी 'सीएम/एल' लिहून परवान्याचे सात किंवा दहा आकडे. ते कुठंयत?

बी-204 काका: रॉडवरच्या स्टिकरवर असतील. विचारतो त्याला.

डी-104 आजोबा: उद्या नळाला पाणी किती वाजता?

सेक्रेटरी: आजोबा, पहाटे सोडतील. नक्की वेळ कळली की टाकतो.

सी-303: आणि ते स्टार असतात ते? माझ्या गिझरवर पाच आहेत.

सी-201 दादा: ते वीज किती खातो त्याचे. शॉक बसेल की नाही ते स्टार सांगत नाहीत.

ए-101 काकू: एवढं कशाला बघायचं? आमचा आधीचा रॉड इतकी वर्षं चालला. त्यावर काय छापलंय कुणी बघितलं?

सी-201 दादा: काकू, पाणी तापतं म्हणजे रॉड चांगला, असं नसतं ओ. आत तापणारी तार असते, बाहेर धातूची नळी. दोन्हीच्या मध्ये पांढरी पूड ठासून भरतात, ती तारेतली वीज नळीपर्यंत येऊ देत नाही. आता रॉडच्या तोंडाशी सील नीट नसलं तर वाफेची ओल आत शिरते, पूड ओली होते आणि वीज नळीतून पाण्यात. पाणी तेव्हाही तापतच असतं! परवाना देण्याआधी हेच तपासतात, वीज किती गळते, अर्थिंग नळीपर्यंत पोचलंय का.
स्वस्त मालात कात्री लागते ती सीलला आणि वायरच्या जाडीला. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. बारीक वायर लगेच गरम होते. टीव्हीच्या 6 अँपिअरच्या सॉकेटला तर तो लावायचाच नाही, आणि दोन पिनचा अडॉप्टर मध्ये घातला की अर्थिंग तिथंच तुटलं.

बी-204 काका: मिळाला नंबर. स्टिकरचा फोटो टाकतोय. आता बोला!

बी-102 वहिनी: थांबा, बघते. आयएसआयचा परवाना देणाऱ्या बीआयएसचं 'बीआयएस केअर' अॅप आहे माझ्याकडं, दिवाळीत पाटल्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, बघायला घेतलं होतं. त्यातच परवाना तपासायची सोय आहे.

बी-102 वहिनी: नंबर खरा आहे. परवानाही चालू आहे. पण तो प्लायवूडच्या कारखान्याचा आहे ओ काका.

सी-303: म्हणजे रॉड पाण्यावर तरंगणार.

सी-201 दादा: हेच करतात. कुणाचातरी चालू नंबर उचलायचा आणि चिकटवायचा. नंबर खरा निघाला म्हणून थांबायचं नाही. कंपनीचं नाव, वस्तू आणि आयएसचा आकडा, तिन्ही जुळले पाहिजेत.

बी-204 काका: मी फोन केला. वरून माल असाच येतो म्हणतो. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, या भावात बिल नाही. मी तर बाबा सगळ्यांचं भलं बघत होतो.

सेक्रेटरी: काका, तुमच्यावर कुणाचा रोख नाही. ऑर्डर रद्द समजा. वहिनी, त्याच अॅपवर तक्रार होते का?

बी-102 वहिनी: होते. दोन्ही फोटो जोडून आज करते.

ए-302 (यंत्रमाग): दादा, कारखान्याचं काय? मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. तेव्हापासून घरात रोज विचारणा, शेडची वायरिंग बघितली का. मी तर सगळं आयएसआयच बसवलंय.

सी-201 दादा: त्या आगीबद्दल मी काही बोलणार नाही. तुमच्या शेडबद्दल सांगतो. शिक्का एकेका वस्तूला मिळतो, जोडणीला नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा तुमचा माणूस सांगत होता, 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की पडणारं बटण, सारखी पडते म्हणून 32 ची घातली. दोन्हींवर शिक्का असेल. पण वायर 16 च्याच लायकीची. आता ती तापेल आणि एमसीबी गप्प बसेल. वर मोटरवर सुताची धूळ साचलेली. मोटरचा वारा अडतो, आणि ती धूळ पेट घ्यायला वेळ लावत नाही. परवानाधारक ठेकेदाराकडून पूर्ण तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या. ओळखीच्या पोराचं काम नाही ते.

ए-302 (यंत्रमाग): नंबर पाठवा ठेकेदाराचा.

ए-101 काकू: आमच्याकडं पण एक बटण सारखं पडायचं, टी लिहिलेलं बारीक बटण असतं ना त्यावर, ते. मागं एकानं ते काढून वायर सरळ जोडून दिली. तेव्हापासून त्रास नाही.

सी-201 दादा: काकू! ती आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवते, ही माणूस वाचवते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ती तोडते, कारण मधली वीज कुणाच्यातरी अंगातून जात असू शकते. ती पडत होती म्हणजे घरात कुठंतरी गळती आहे, आणि ती अजून तिथंच आहे. आज गिझर लावू नका. संध्याकाळी मी येतो.

ए-101 काकू: बरं बाबा. ये.

सी-303: एक प्रश्न. उन्हाळ्यात आपण पत्र्याचा कूलर बांधून घेतो, त्याला नंबर कुठं असतो?

सी-201 दादा: कुठंच नाही. पत्र्याचा खोका, आत पंखा, पंप आणि पाणी. पंपाच्या वायरीची साल निघाली की अख्खा पत्रा जिवंत, आणि आपण ओल्या फरशीवर अनवाणी. तिथं फक्त अर्थिंग आणि आरसीसीबीचा भरवसा. गंमत बघा, आपल्याकडं मे महिन्यात जमीन ठणठणीत कोरडी, म्हणजे अर्थिंगचा खड्डा सगळ्यात कमजोर तेव्हाच, आणि कूलर पण तेव्हाच चालू. सेक्रेटरी साहेब, बिल्डिंगचा खड्डा शेवटचा कधी मोजला?

सेक्रेटरी: फाइलमध्ये नोंद नाही. बिल्डरनं केला तेवढाच. रविवारी परवानावाल्या वायरमनला बोलावतो, खड्डा मोजू आणि प्रत्येक फ्लॅटचं टी बटण दाबून बघू. खर्च मेंटेनन्समधून. कुणीतरी घरी थांबा.

बी-204 काका: आमच्याकडं दुपारी चारनंतर.

ए-101 काकू: मला दहाच्या आत. नंतर लग्नाला जायचंय.